भोंग्यानंतर थोड्या वेळानं

“थोड्या म्हणजे किती?” गार्डसाहेबांनी विचारलं.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वही पुन्हा डोळ्यांजवळ नेली. जणू आकडा वहीत होता आणि लांबून दिसत नव्हता. वहीत आबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘श्रावण शुद्ध द्वादशी. कन्यारत्न. सकाळी सहाच्या भोंग्यानंतर थोड्या वेळानं.’

“थोड्या म्हणजे थोड्याच,” आबा म्हणाले. “फार नाही.”

“माळवदकर, पंधरा सेकंदही थोडीच आणि पाऊण तासही थोडाच. माझी गाडी थोडी लेट आहे असं मी कंट्रोलला कळवलं असतं, तर त्यांनी मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.”

हे गार्डसाहेब म्हणजे कुर्डुवाडीचे नरहर विनायक पाटसकर, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा विश्वास आणि मी सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होतो. तो टेक्निशियन, मी ट्रंक ऑपरेटर, परगावचे फोन जोडून देणारी. दोन वर्षं आम्ही तारांच्या जंजाळातून एकमेकांकडे बघत होतो आणि आता लग्न करायचं म्हणत होतो. जात एक, गोत्र वेगळं, पगार जवळजवळ सारखा. अडावं असं काही नव्हतं. तरी अडलं, आणि अडलं ते ‘थोड्या’ या शब्दावर.

पाटसकरांच्या घरून पत्रिका मागितली गेली. त्यांच्या शास्त्रीबुवांनी जुनं पंचांग काढलं आणि सांगितलं की त्या दिवशी सकाळी सहा वाजून चौदा मिनिटांनी मूळ नक्षत्र संपत होतं. चौदाच्या पुढे जन्मले असेन तर काहीच प्रश्न नाही. पण चौदाच्या आत जन्मले असेन, तर मी मूळ नक्षत्रावरची. आणि मूळ नक्षत्रावरची सून सासऱ्याच्या जिवाला वाईट. आता आमच्या बार्शीत एकोणसाठ साली कुणाच्या घरी घड्याळ होतं? गिरणीचा भोंगा असताना घड्याळ हवं कशाला, असं अख्खं गाव म्हणायचं. भोंग्यावर चूल पेटायची, भोंग्यावर शाळा भरायची, आणि माझ्यासारखी मुलं भोंग्यानंतर थोड्या वेळानं जन्मायची.

विश्वास म्हणाला होता, “जाऊ दे ते मूळबीळ. आपण रजिस्टर लग्न करू.” मीच नको म्हटलं. त्याच्या थोरल्या काकांच्या घरी हे एकदा घडून गेलं होतं. सून मूळ नक्षत्राची आली आणि आठ महिन्यांत काका गेले. त्यांना रक्तदाबाचा आजार जुनाच होता, पण रक्तदाबाला कोण विचारतो? ती बिचारी आजही घरात पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसते, असं विश्वासनंच सांगितलं होतं. ज्या घरात गार्डसाहेब नुसते शिंकले तरी चार माना माझ्याकडे वळणार, त्या घरात मला जायचं नव्हतं. एक तर स्वच्छ जाईन, नाहीतर जाणारच नाही.

हे ऐकून गार्डसाहेबांनी निरोप पाठवला, की असं असेल तर आपण वेळ काढू. मला वाटलं वेळ काढू म्हणजे टोलवाटोलवी करू. पण त्यांना ती खरोखरच काढायची होती. रविवारी सकाळच्या छोट्या रेल्वेगाडीनं ते आणि त्यांची पत्नी सुंदराकाकू आमच्याकडे आले. त्यांच्या हातात पिशवी, पिशवीत वही, पेन्सिल आणि शास्त्रीबुवांच्या हातचा एक कागद. आणि खिशात साखळीचं घड्याळ. विश्वास आला नव्हता. आम्हा दोघांना एकाच दिवशी रजा द्यायची नाही हा आमच्या सुपरवायझरबाईंचा पणच होता.

पोहे संपायच्या आत गार्डसाहेबांनी आमचं भिंतीवरचं घड्याळ खाली उतरवलं, उघडलं आणि आपल्या घड्याळाशी सेकंदासकट जुळवून पुन्हा टांगलं. “सव्वाचार मिनिटं पुढं होतं,” ते आबांना म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण कुणाच्या तरी आजाराची बातमी सांगावी तसा तो जड झाला होता. मग बाराचा भोंगा होईपर्यंत ते अंगणात उभे राहिले. भोंगा झाला तसे आत आले. “आठ सेकंदांचा फरक आहे. चालेल. भोंगा विश्वासाचा आहे.”

मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले तेव्हा सुंदराकाकू हळूच मला म्हणाल्या, “बाई, तुझ्यात काही खोट नाही हो. पण माझ्या जाऊबाईंचं उघडं कपाळ मी रोज बघते.” मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. भीती खोटी असली तरी भ्यायलेला माणूस खरा असतो.

चौकशी आबांपासून सुरू झाली.

“तुम्ही त्या वेळी कुठे होता?”

“बाहेर ओट्यावर. भोंगा झाला तशी रामनामाची माळ हातात घेतली. दोन माळा झाल्या आणि आतून रडणं ऐकू आलं.”

“दोन पूर्ण?”

“मेरुमणी हाताला लागला आणि टाहो कानावर आला. अजून आठवतं.”

“उत्तम. ओढा माळ.”

आबा भिंतीला टेकून बसले, डोळे मिटले आणि चवीनं माळ ओढू लागले. आबा नगर वाचनालयाचे ग्रंथपाल. आयुष्यात कुठल्याच गोष्टीची घाई त्यांनी केलेली नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मनात बेरीज करत होते. दोन माळा संपल्या. “सतरा मिनिटं दहा सेकंद,” गार्डसाहेब म्हणाले.

सहा सतरा! मूळ गेलं, मी सुटले. मी आनंदानं आत आईकडे बघितलं. पण गार्डसाहेब पेन्सिल हातात धरून तसेच बसले होते.

“माळवदकर, आज तुमच्या पोटात पोहे आहेत आणि बायको आत चहा करतेय. त्या दिवशी ती आत काय करत होती?”

आबांचा चेहरा उतरला. “ओरडत होती.”

“मग त्या दिवशी माळ अशी चालली असेल का?”

“छे हो. माळ पळत होती. मधले मणी हाताला लागले की नाही देव जाणे.”

“मग तशी ओढा.”

आबांनी प्रयत्न केला. पण काळजी काही सांगून येत नाही. ते भराभर मणी ओढायचे, मधेच आपलंच त्यांना हसू यायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. एकदा अकरा मिनिटं झाली, एकदा साडेबारा, एकदा तर माळच तुटली. गार्डसाहेबांनी वहीत ओळ मारली. “वडिलांची साक्ष बाद. तुमच्या दोन माळांत सहा मिनिटांचा फरक पडतो.”

मला हे नवीन नव्हतं. ट्रंक कॉलचं माप तीन मिनिटांचं. तीन मिनिटं झाली की आम्ही मधे बोलायचो, “थ्री मिनिट्स, वाढवू का?” मंडईतला अडत्या तेवढ्या वेळात चार गावांचे भाव विचारून, दोन शिव्या देऊन फोन ठेवून मोकळा व्हायचा. नवं लग्न झालेली पोरगी “हॅलो” आणि “जेवलात का” एवढ्यावर तीन मिनिटं घालवायची आणि आम्ही मधे बोललो की रडवेल्या आवाजात म्हणायची, “इतक्यात?” आणि कुणी गेल्याची बातमी सांगायला फोन लावलेला माणूस अर्ध्या मिनिटात विचारायचा, “झाली का हो तीन मिनिटं?” सहा वर्षांत माझ्या अंगात ते माप इतकं मुरलं होतं की घड्याळ न बघता मी तीन मिनिटं ओळखायची. विश्वास पैजा लावून हरायचा.

जेवणं झाल्यावर रखमामावशी आल्या. त्या आमच्या आळीच्या सुईण. निम्म्या बार्शीला त्यांनीच उजेड दाखवला असं त्या स्वतः सांगत आणि कुणी ते नाकारत नसे. आता सत्तरीच्या पुढं गेल्या होत्या, पण दात आणि जीभ दोन्ही शाबूत.

“मावशी, त्या दिवशी भोंगा झाला तेव्हा तुम्ही काय करत होता?” गार्डसाहेबांनी विचारलं.

“तमाखू मळत हुते.”

“बाळंतपण चालू असताना?”

“आवं, मंग कवा? बाळंतपनं तर रोजचीच. म्हनून काय मानसानं तमाखू सोडायची? भोंगा झाला, म्या चिमूट मळली, तोंडात टाकली, अन् ती थुकायची येळ आली तवर ही पोर माझ्या हातात. थुकायला सुदिक सवड दिली न्हाई मेलीनं.”

गार्डसाहेबांचे डोळे चमकले. “तशीच मळा. आजही तेवढीच घ्या.”

मावशींनी कनवटीची पिशवी सोडली. तंबाखू मळली, चुना लावला, झटकली, तोंडात टाकली आणि डोळे किलकिले करून बसल्या. आम्ही सगळे त्यांच्या गालाकडे बघत बसलो. सुंदराकाकूंनी पदर नाकाला लावला होता. शेवटी मावशींनी हातानं खूण केली आणि दारात जाऊन पिंक टाकली.

“अकरा मिनिटं पाच सेकंद.”

“पुन्यांदा बगा पायजे तर,” मावशी म्हणाल्या. त्यांना त्याबद्दल तक्रार नव्हतीच. दुसऱ्यांदाही अकरा मिनिटं झाली, वर दोन सेकंद.

गार्डसाहेबांनी घड्याळ मांडीवर ठेवलं आणि रखमामावशींकडे आदरानं बघितलं. “याला म्हणतात घड्याळ. बाळंतीण ओरडो, बाहेर कुणी माळ ओढो, यांची तंबाखू तेवढीच चालते.” मग त्यांनी वहीत लिहिलं, आणि ते लिहिता लिहिताच त्यांचा आदर मावळला. सहा वाजून अकरा मिनिटं. सहा अकरा म्हणजे मूळ.

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. आबा तुटलेल्या माळेचा दोरा बोटाला गुंडाळत होते. तीन मिनिटांनी माझं लग्न हुकलं होतं. मला तर हसूच आलं, कारण तीन मिनिटं वाढवून देणं हे माझं रोजचं काम होतं. समोरच्यानं फक्त ‘हो’ म्हणायचं असायचं.

गार्डसाहेबांनी वही मिटली. “मी मूळबीळ कधी मानलं नसतं हो,” ते आबांना म्हणाले. “पण दादा गेला तेव्हा मी त्याच्या उशाशी होतो. आता मला ते मनातून काढता येत नाही. खोटं कशाला बोलू?”

तेवढ्यात रखमामावशी तोंड पुसत म्हणाल्या, “पर ही लगीच रडली न्हवती, बरं का.”

“काय?”

“भाईर आली ती गपगारच. निळी पडली हुती. म्या उलटी धरली, पाठीवर चापट्या मारल्या, नाकाला कांदा लावला, तोंडात फुक मारली. लई येळानं रडली.”

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. चोवीस वर्षांत ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. आबांकडे बघितलं तर त्यांनाही माहीत नव्हती.

गार्डसाहेबांनी मात्र पिशवीतून शास्त्रीबुवांचा कागद काढला होता. ते बोट ठेवून वाचत होते : ‘जन्मवेळ म्हणजे बालकाचा पहिला टाहो ऐकू येण्याची वेळ.’ नियम म्हणजे नियम. “मावशी, बाहेर आल्यापासून रडेपर्यंत किती वेळ गेला?”

“लई.”

“तंबाखूच्या हिशेबात?”

“तोंडात पोराचा जीव घिऊन फुकत हुते मी, तमाखू कुठली? आता काय सांगू? ह्या बाईला इचारा.”

आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ओले हात तिनं पदराला पुसले.

“इंदू,” आबा म्हणाले, “मला कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही बाहेर माळ ओढत होता. म्हटलं, ओढू दे.”

“वहिनी, किती वेळ गेला असेल?” गार्डसाहेबांनी विचारलं.

“तुमच्या घड्याळात किती, ते मला माहीत नाही.”

“अंदाजे?”

“त्यात अंदाज कसला करायचा?” आई म्हणाली. रागावून नव्हे. तिला खरंच कळत नव्हतं.

गार्डसाहेबांनी जरा विचार केला. मग म्हणाले, “असं करू. तुम्ही इथं बसा, डोळे मिटा. मावशी म्हणतील, ‘पोर आली’. तिथून मी घड्याळ धरतो. त्या दिवशीसारखं आठवा आणि रडणं ऐकू आलं असं वाटलं की हात वर करा. कुणी मधे बोलायचं नाही.”

तीन मिनिटं हवी होती, नाहीतर थोडी जास्तच. आई बसायला निघाली तशी मी तिच्या कानाशी लागले. “आई, तीनच्या वर जाऊ दे. चार काढ, पाच काढ.” तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी एकदम लहान झाले. ती भिंतीला टेकून बसली आणि तिनं डोळे मिटले.

भिंतीवरच्या घड्याळात बरोबर पावणेचार झाले होते.

“पोर आली,” रखमामावशी म्हणाल्या.

आधी मी मोजत होते. सवयच ती. दहा सेकंद, वीस, तीस. काकूंची एक बांगडी वाजली आणि त्यांनी ती घाईनं दाबून धरली. बाहेरून कुठूनतरी पाणी ओतल्याचा आवाज आला. चाळीस, पन्नास. मनात म्हटलं, छान चाललंय, आई शांत आहे, आता नुसतं बसून राहायचं, तीन मिनिटं काय, आपोआप जातील. एक मिनिट झालं.

मग मला आईचे हात दिसले. तिच्या बोटांनी पदराचं टोक शोधलं होतं आणि ती ते पिळत होती, गाठ मारत होती, सोडत होती. चेहरा माझ्या ओळखीचा राहिला नव्हता. इतकी तरुण मी तिला कधी बघितली नव्हती आणि इतकी घाबरलेलीही. ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण मला ते वाचता येत होते. “रड,” ती म्हणत होती. “रड गं. रड ना गं.”

मी मोजायची विसरले.

लहानपणी मी भोकाड पसरलं की शेजारणी म्हणायच्या, अहो तिला गप्प करा, कान किटले. आई कधीच गप्प कर म्हणाली नाही. जवळ बसून राहायची आणि म्हणायची, रडू दे तिला. आळीत तिची चेष्टा व्हायची, लेकीला लाडावून ठेवलंय म्हणून. तिथं दारात उभं राहून मला ते सगळं रडणं आठवलं, आणि ती जवळ बसून काय ऐकत होती ते कळलं, आणि माझ्या घशातून एकदम हुंदका बाहेर पडला. मोठ्यानं. दाबायला वेळच मिळाला नाही.

आईचा हात तत्काळ वर गेला.

तिनं डोळे उघडले ते सरळ माझ्याकडे. घड्याळाकडे नाही, गार्डसाहेबांकडे नाही. श्वास सोडून ती म्हणाली, “झालं. रडली.”

मी डोळे पुसत वर बघितलं. भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा अजून तीन सत्तेचाळीसपर्यंतही पोचलेला नव्हता. दोन मिनिटंही झाली नव्हती. माझ्यामुळे. आई अजून कितीतरी बसली असती, पण मला धीर धरवला नाही आणि मी माझंच लग्न मोडून बसले होते.

इतरांची पाठ त्या भिंतीकडे होती. सगळे गार्डसाहेबांकडे बघत होते. ते घड्याळाच्या तबकडीकडे बराच वेळ बघत राहिले. नेहमी ते काटा बघायच्या आत आकडा सांगायचे.

“तीन मिनिटं चाळीस सेकंद,” ते म्हणाले. “अकरा आणि तीन चाळीस. जन्मवेळ सहा वाजून चौदा मिनिटं चाळीस सेकंद. मूळ संपलेलं.”

त्यांनी पेन्सिल ठेवून दिली, खिशातलं शाईचं पेन काढलं आणि वहीत लिहून खाली सही केली. सुंदराकाकूंनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते लपवतही नव्हत्या. “तीनच मिनिटं का हो?” त्या म्हणाल्या. “माझ्या पायाला मुंग्या आल्या.” आबा म्हणाले, “मला तर दहा मिनिटं वाटली.” रखमामावशी म्हणाल्या, “आता एवढं मोजून झालं, तर वाईच च्या करा की.”

लग्न मार्गशीर्षात झालं. पुढे सव्वीस वर्षं मी त्या माणसाला बाबा म्हटलं. त्या काळात त्यांना दोनदा न्यूमोनिया झाला, एकदा पायरीवरून पडून खुबा मोडला, आणि एकदाही कुणाची मान माझ्याकडे वळली नाही. त्या दिवशी स्टेशनवर आमचं जे बोलणं झालं, ते त्यांच्या हयातीत मी विश्वासलाही सांगितलं नाही. आईलाही नाही.

संध्याकाळच्या गाडीला पोचवायला मी गेले होते. काकूंना आत खिडकीची जागा मिळाली, त्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या. गार्डसाहेब गाडी सुटेपर्यंत आत बसत नसत, ते फलाटावर माझ्या शेजारी उभे होते. मनात ठेवून घेणं मला जमेना. फुकटचं मिळालेलं मला कधी पचलेलं नाही.

“काका,” मी हळूच म्हटलं, “पावणेदोन मिनिटंच झाली होती.”

“एक मिनिट एक्केचाळीस सेकंद,” ते म्हणाले. “पावणेदोनला चार सेकंद कमी.”

“मग तुम्ही...”

“हो.”

इंजिनानं शिट्टी दिली. ते समोर रुळांकडेच बघत होते.

“आणि मी खरंच मूळ नक्षत्राची असले तर?”

“असलीस तर ते माझ्या वाट्याचं आहे, तुझ्या नाही. माझं मी बघून घेईन.”

“भीती नाही वाटत?”

“वाटते की. दुपारपासून वाटतेय. आज रात्री झोप लागेल असं वाटत नाही.” त्यांनी टोपी काढली, केसांवरून हात फिरवला आणि पुन्हा घातली. “पण मी तुझ्या आईच्या समोर बसलो होतो. तिचं तोंड बघितलं. अजून दोन मिनिटं त्या बाईला तिथं बसवायचं म्हणजे... छे. ते माझ्यानं झालं नसतं.”

मी वाकून फलाटावरच त्यांना नमस्कार केला. लोक बघायला लागले, तसे ते ओशाळून डब्याच्या पायरीवर चढले. दांडी धरून मागं वळले.

“आणि उगीच खोटं खोटं म्हणू नकोस,” ते म्हणाले. “आज तू लवकर रडलीस. त्या दिवशी तू चांगला वेळ लावला होतास. तुझ्या आईच्या तोंडावर अजून दिसतो तो.”